टळलेल्या संकटाचा हिशेब

हवामान बदलावर वाद सुरू झाला की ओझोनचे उदाहरण हमखास पुढे येते, आणि गंमत नव्हे तर चिंतेची बाब अशी की ते परस्परविरोधी दोन्ही बाजूंकडून येते. एक पक्ष म्हणतो, ‘ऐंशीच्या दशकातही ओझोनच्या थराला छिद्र पडले म्हणून असाच हाहाकार माजवला होता. माणसे आंधळी होतील, पिके करपतील असे सांगितले गेले. त्यातले काय झाले? तापमानवाढीची आजची ओरडही तशीच विरून जाईल.’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘जगाने एक करार केला आणि ओझोनचा प्रश्न सोडवला. हवामानाचाही तसाच सोडवता येईल, फक्त इच्छाशक्ती हवी.’ दोघांची दिशा वेगळी असली तरी गृहीतक एकच आहे, ते म्हणजे ओझोनचे प्रकरण आता मिटले आहे. माझे म्हणणे नेमके याच्या विरुद्ध आहे. जे नुकसान झाले नाही ते वेळीच रोखले गेले म्हणून झाले नाही, ते रोखण्याचे काम आजही चालू आहे, आणि ओझोनचा थर, जमिनीवर पोहोचणारे अतिनील किरण व तापणारी पृथ्वी हे तीन प्रश्न आता एकमेकांत इतके गुंतले आहेत की त्यांतला एक निकालात काढून दुसऱ्याकडे वळण्याची सोय उरलेली नाही.

आधी मूळ गोष्ट. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, स्थितांबरात, ओझोन विरळपणे पसरलेला असतो. डोक्यावरचा हा सगळा ओझोन खाली आणून समुद्रसपाटीचा दाब आणि शून्य अंश तापमान यांत ठेवला, तर त्याची जाडी जेमतेम ३ मिलिमीटर भरेल. एवढ्या तुटपुंज्या पडद्यावर जमिनीवरील जीवसृष्टीची भिस्त आहे. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी सर्वांत लघु तरंगलांबीचे, सर्वांत घातक ‘सी’ किरण वातावरणातच अडतात. २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे ‘बी’ किरण ओझोन बहुतांशी गाळून घेतो आणि त्यांचा थोडाच अंश खाली पोहोचतो. ‘ए’ किरणांना मात्र ओझोन फारसा अडवत नाही. खाली पोहोचणारे ‘बी’ किरण पेशीतल्या डीएनएमध्ये शेजारी शेजारी असलेले थायमिनचे घटक एकमेकांना जोडून टाकतात. पेशी असे चुकीचे सांधे सतत उसवत आणि दुरुस्त करत असते, परंतु दुरुस्तीच्या वेगापेक्षा मारा वाढला किंवा एखादी दुरुस्ती राहून गेली, की तीच चूक पुढच्या पेशींत उतरते आणि वर्षानुवर्षांनी त्वचेच्या कर्करोगाच्या रूपाने वर येऊ शकते. डोळ्याच्या भिंगातली प्रथिने याच किरणांनी गढूळ होण्यास हातभार लागतो. मोतीबिंदूमुळे येणाऱ्या अंधत्वापैकी १० टक्क्यांपर्यंत वाटा अतिनील किरणांचा असू शकतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

या पडद्याला धोका आहे हे १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी कागदावर दाखवले. शीतकपाटे, फवारण्याचे डबे आणि फोम यांत वापरली जाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन संयुगे, म्हणजे सीएफसी, खाली कशाशीच संयोग पावत नाहीत. हाच त्यांचा गुण मानला जाई. परंतु त्यामुळेच ती न विरघळता, न विघटित होता हळूहळू स्थितांबरापर्यंत चढतात, तिथे तीव्र अतिनील किरणांनी फुटतात आणि क्लोरीन मोकळा होतो. क्लोरीनचा एक अणू ओझोनचा रेणू मोडून पुन्हा मोकळाच राहतो आणि अखेर निष्क्रिय होण्यापूर्वी सुमारे एक लाख रेणूंचा फडशा पाडू शकतो. अकरा वर्षांनी, १९८५ च्या मे महिन्यात, जो फार्मन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातील हॅले या ब्रिटिश केंद्रावरची मोजमापे प्रसिद्ध केली. १९५० च्या दशकापासून तिथे डॉब्सन वर्णपटमापी या ओझोन मोजणाऱ्या उपकरणाने रोजच्या नोंदी होत होत्या. ऑक्टोबर महिन्याची सरासरी पूर्वी ३०० डॉब्सन एककांच्या (ओझोनच्या जाडीचे माप) आसपास असे, ती २०० च्या खाली घसरली होती. हेच ते ‘ओझोनचे छिद्र’. उपग्रहालाही ही घसरण दिसत होती, परंतु इतकी नीच मूल्ये शक्यच नाहीत अशा समजुतीने संगणकीय प्रणाली त्यांवर ‘संशयास्पद’ अशी खूण करून त्यांना बाजूला ठेवत होती. म्हणजे जगातील अत्याधुनिक यंत्रणेपेक्षा एका जुन्या उपकरणाच्या तीस वर्षांच्या सलग, कंटाळवाण्या नोंदी अधिक उपयोगी पडल्या. लेखाच्या शेवटी मला या नोंदींकडे पुन्हा यायचे आहे.

‘मग झाले काय?’ असे विचारणाऱ्यांचे दोन मुद्दे मला मान्य आहेत. पहिला असा की त्या काळात अतिशयोक्ती खरोखर झाली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, ओझोनच्या छिद्राच्या कडेला, मेंढ्या आणि ससे आंधळे होत असल्याच्या बातम्या १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जगभर फिरल्या. तपासणीत मेंढ्यांच्या डोळ्यांच्या विकाराचे कारण संसर्ग असल्याचे आढळले. दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. गोऱ्या त्वचेच्या लोकसंख्येत गेल्या अर्धशतकात त्वचेचा कर्करोग झपाट्याने वाढला हे खरे असले, तरी त्याचे मुख्य कारण विरळ झालेला ओझोन नसून उन्हात अंग भाजून घेण्याची हौस, तोकडे कपडे, लांबलेले आयुष्य आणि सुधारलेले निदान हे आहे. ध्रुवीय प्रदेश सोडल्यास दाट वस्तीच्या अक्षांशांवर थर काही टक्क्यांनीच पातळ झाला. त्यामुळे प्रत्येक कर्करोगाचे खापर ओझोनवर फोडणारा माणूस पर्यावरणाची बाजू घेत असला तरी चुकीचेच बोलत असतो, आणि चुकीचे बोलून तो आपल्याच बाजूची विश्वासार्हता घालवतो.

पण या दोन कबुल्यांतून ‘धोका नव्हताच’ हा निष्कर्ष निघतो का? थर काही टक्क्यांनीच का पातळ झाला, हा प्रश्न विचारल्याशिवाय तो निष्कर्ष काढता येणार नाही. सीएफसींचे उत्पादन आधीच्या वेगाने वाढत राहिले असते तर काय झाले असते, याचे गणित नासाच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली मांडले. त्या आभासी जगात २०६५ पर्यंत ओझोनचा दोन तृतीयांश भाग नाहीसा होतो, छिद्र केवळ ध्रुवांवर राहत नाही, आणि मध्य अक्षांशांवरील शहरांत उघडी त्वचा पाच मिनिटांत भाजू लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने केवळ आपल्या देशापुरता, १८९० ते २१०० या काळात जन्मलेल्या लोकांसाठी, अंदाज काढला आहे: ओझोन वाचवण्यासाठी १९८७ मध्ये झालेल्या मॉन्ट्रियल करारामुळे आणि त्यातील दुरुस्त्यांमुळे त्वचेच्या कर्करोगाचे सुमारे ४४ कोटी ३० लाख रुग्ण, त्यामुळे होणारे सुमारे २३ लाख मृत्यू आणि मोतीबिंदूचे सुमारे ६ कोटी ३० लाख रुग्ण टळतील. हे आकडे संगणकीय प्रतिमानांतून आलेले आहेत आणि त्यांत पुढेमागे होईल. परंतु त्यांचा आवाका लक्षात घेता ‘काही झाले नाही’ हे वाक्य कराराच्या यशाचे प्रमाणपत्र ठरते, धोक्याच्या खोटेपणाचा पुरावा ठरत नाही. लसीकरणामुळे एखादा आजार गावोगावी दिसेनासा झाला की काही काळाने ‘या आजाराला कशाला घाबरायचे, लस कशाला टोचायची’ असे विचारणारी पिढी येते. तिने तो आजार पाहिलेलाच नसतो. ज्याने संरक्षण दिले तेच अनावश्यक वाटू लागते, हा सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातला जुना आणि महागात पडलेला घोटाळा आहे.

उलट बाजूने, वेळीच न रोखलेल्या धोक्याचे उदाहरण पाहायचे असेल तर फार लांब जावे लागत नाही. सीएफसी वापरात आणणारे थॉमस मिजली यांनीच त्याआधी इंजिनाची खडखड थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची युक्ती काढली होती. १९२३ मध्ये असे पेट्रोल बाजारात आले. १९२५ मध्येच अॅलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या डॉक्टरांनी शिसे हे विष आहे आणि ते रस्तोरस्ती हवेत सोडणे घातक ठरेल असे बजावले होते. उद्योगाची बाजू मांडणाऱ्यांनी त्यावर जे उत्तर दिले ते आजही ओळखीचे वाटेल: आधी नुकसान सिद्ध करा, मग बंदीचे बोला. सिद्धतेचा भार ज्यांच्या फुप्फुसांत शिसे जाणार होते त्यांच्यावर टाकला गेला. जगातील शेवटच्या देशाने मोटारींच्या पेट्रोलमधले शिसे थांबवले ते २०२१ साली. एकाच संशोधकाच्या दोन शोधांची ही तुलना मला फार बोलकी वाटते. सीएफसींबाबत पहिल्या इशाऱ्यापासून आंतरराष्ट्रीय करारापर्यंत तेरा वर्षे गेली, शिशाबाबत पहिल्या इशाऱ्यापासून शेवटच्या पंपापर्यंत जवळपास शंभर. दरम्यानच्या काळात ज्या मुलांच्या मेंदूची वाढ शिशाने खुंटली, त्यांचा हिशेब कोणत्या ताळेबंदात धरायचा?

‘पुरावा पूर्ण होऊ द्या’ ही मागणी ऐकायला शास्त्रीय वाटते, म्हणून तिच्याशी थोडे थांबून बोलले पाहिजे. मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या १६ सप्टेंबर १९८७ रोजी. अंटार्क्टिकावरील छिद्राला क्लोरीनच जबाबदार आहे हे निर्विवाद दाखवणारी विमानांतली मोजमापे त्याच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चिलीतील पुंता आरेनास येथून चालू होती आणि त्यांचे निष्कर्ष सह्या झाल्यानंतर जाहीर झाले. त्याआधी सुसान सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्रुवीय हिवाळ्यातील अतिथंड ढगांच्या कणांवर क्लोरीन कसा सक्रिय होतो याचे स्पष्टीकरण मांडले होते, पण अन्य तर्कही मैदानात होते. याचा अर्थ वाटाघाटी करणाऱ्यांपुढे भक्कम सिद्धांत होता, चिंताजनक मोजमापे होती, आणि त्या दोहोंना जोडणारा शेवटचा दुवा अजून हाती यायचा होता. तरीही त्यांनी सही केली. १८५४ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाचा दांडा काढला गेला तेव्हा कॉलऱ्याचा जंतू वैद्यकजगताने ओळखलेला नव्हता. रॉबर्ट कॉख यांनी तो ठामपणे दाखवून दिला त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी. ती साथ त्या वेळी ओसरू लागली होती आणि केवळ दांडा काढल्याने ती थांबली असे म्हणता येणार नाही, हे तो काढायला लावणारे डॉक्टर जॉन स्नो यांनाही ठाऊक होते. तरी प्रश्न उरतोच: घरोघरच्या मृत्यूंचा नकाशा समोर असताना जंतू दिसेपर्यंत पंप चालू ठेवणे अधिक शास्त्रीय ठरले असते का? परत फिरता येण्याजोग्या चुकीची भीती आणि परत न फिरता येण्याजोग्या हानीची भीती यांना एकाच तागडीत तोलायचे नसते. सीएफसी-१२ वातावरणात सुमारे शंभर वर्षे टिकतो. पुराव्याची वाट पाहण्यात घालवलेले प्रत्येक दशक पुढच्या शतकावर चढवलेले कर्ज होते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. माझी सहानुभूती या पक्षाकडे आहे, म्हणून त्याची चूक मला जास्त खुपते. ‘एक करार करा आणि प्रश्न संपवा’ या मांडणीवर घेतला जाणारा सर्वांत सबळ आक्षेप असा, की सीएफसी आणि कार्बन डायऑक्साइड यांत साम्य नाही. सीएफसी बनवणारे कारखाने मूठभर होते आणि त्यांचे उपयोगही मोजके होते. कोळसा, तेल आणि वायू यांच्यावर मात्र वीज, वाहतूक, पोलाद, सिमेंट, खते असे सगळे जीवन उभे आहे. हा आक्षेप खरा आहे आणि तो कितीही वक्तृत्वाने झाकता येणार नाही. पण त्याला जोडून दिले जाणारे ‘तेव्हा पर्याय तयार होते, आज नाहीत’ हे कारण मात्र इतिहासाला धरून नाही. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात बहुतेक उपयोगांसाठी पर्यायी रसायने बाजारात नव्हती, आणि ती महाग व अव्यवहार्य ठरतील असेच उद्योगाचे म्हणणे होते. जगातील सर्वांत मोठी उत्पादक असलेल्या ड्यू पाँ कंपनीने सीएफसी थांबवण्याची घोषणा केली ती मार्च १९८८ मध्ये, म्हणजे सह्या झाल्यानंतर. नियम आला, बाजाराला दिशा कळली आणि मग संशोधनाला पैसा मिळाला. पर्यायांची वाट पाहत नियम थांबला असता, तर पर्यायही थांबले असते.

शिवाय तो ‘एक करार’ कधी एक नव्हताच. १९८७ चा मूळ मसुदा सीएफसींचे उत्पादन शतकअखेरपर्यंत केवळ निम्म्यावर आणायला सांगत होता. तेवढ्याने थर वाचला नसता. १९९० मध्ये लंडन, १९९२ मध्ये कोपनहेगन, १९९७ मध्ये पुन्हा मॉन्ट्रियल, १९९९ मध्ये बीजिंग, २०१६ मध्ये किगाली अशा दुरुस्त्या होत गेल्या आणि प्रत्येक वेळी नवे मोजमाप हाती आल्यावर मुदती आवळल्या गेल्या, यादी वाढली. लंडनमध्येच श्रीमंत देशांनी गरीब देशांचा वाढीव खर्च उचलण्यासाठी स्वतंत्र निधी मान्य केला. विकसनशील देशांना जादा मुदत मूळ करारातच दिलेली होती. या दोहोंवाचून १९८ पक्ष या करारात आले नसते, कारण ज्यांनी प्रश्न निर्माण केलाच नव्हता त्यांना तो सोडवण्याचा खर्च एकट्याने कशासाठी पेलायचा? कराराची खरी ताकद स्वतःला चुकीचे ठरवून घेण्याच्या या तयारीत होती. हवामानाच्या वाटाघाटींना ओझोनकडून काही उचलायचे असेल तर ते हे आहे, सह्यांचा सोहळा नव्हे.

चुकीचेच बोलायचे तर सर्वांत मोठी चूकही इथेच झाली. सीएफसींच्या जागी आलेली हायड्रोफ्लुरोकार्बन संयुगे, एचएफसी, ओझोनला निरुपद्रवी होती, पण उष्णता धरून ठेवण्यात जबरदस्त. वातानुकूलन यंत्रांत आणि मोटारींत सर्रास वापरलेला एचएफसी-१३४ए शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक तापवतो. ‘बघा, औषधानेच नवा रोग आणला’ असे टीकाकार म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. परंतु हिशेब पुरता मांडा. सीएफसी स्वतःच अतिशय प्रभावी हरितगृह वायू होते, सीएफसी-१२ तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट. त्यांना हटवल्यामुळे जी तापमानवाढ टळली ती हरितगृह वायू घटवण्यासाठी झालेल्या क्योटो कराराच्या पहिल्या टप्प्यातील उद्दिष्टांपेक्षा कित्येक पटींनी मोठी आहे. ओझोन वाचवण्यासाठी केलेला करार आजवरचा सर्वांत परिणामकारक हवामान करार ठरला, तोही त्या नावाची पाटी न लावता. आणि एचएफसींची चूक लक्षात आल्यावर किगालीत त्याच चौकटीत त्यांनाही आणले गेले. ती दुरुस्ती नीट पाळली गेली तर या शतकाच्या अखेरपर्यंत ०.३ ते ०.५ अंश सेल्सियस तापमानवाढ टळू शकते.

यातून मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. ओझोन आणि हवामान हे दोन वेगळे विषय आहेत, ही विभागणी खात्यांच्या सोयीची आहे, निसर्गाला ती ठाऊक नाही. दोहोंची सरमिसळ करणेही तितकेच चुकीचे, हे आधी स्पष्ट करतो. छिद्रातून जास्त ऊन आत येते म्हणून पृथ्वी तापते, ही सर्रास ऐकू येणारी समजूत निराधार आहे. तापमानवाढीचे कारण हरितगृह वायू आहेत. पण खालचे वातावरण तापवणारा कार्बन डायऑक्साइड वरचे स्थितांबर थंड करतो, आणि या थंडाव्याचे दोन उलट परिणाम होतात. स्थितांबराच्या वरच्या भागात ओझोन मोडणाऱ्या अभिक्रिया मंदावतात आणि थर भरून यायला मदत होते. ध्रुवांवर मात्र ज्या अतिथंड ढगांवर क्लोरीन सक्रिय होतो त्यांना पोषक स्थिती मिळते. २०२० च्या वसंतात उत्तर ध्रुवावर ओझोनची विक्रमी घट झाली ती ध्रुवाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांच्या असाधारण थंड, दीर्घकाळ टिकलेल्या भोवऱ्यामुळे. तापमानवाढीने स्थितांबरातील हवेचे अभिसरणही वेगावते आहे. विषुववृत्तीय पट्ट्यातून ओझोन अधिक वेगाने उच्च अक्षांशांकडे वाहून जाईल आणि तिथे थर पूर्वीपेक्षाही दाट होईल, तर विषुववृत्ताजवळ तो किंचित विरळ राहू शकेल, असे प्रतिमाने दाखवतात. त्या पट्ट्यात सूर्य आधीच डोक्यावर असतो आणि अतिनील मारा जगात सर्वाधिक असतो. सध्याची धोरणे टिकली तर १९८० ची पातळी अंटार्क्टिकावर साधारण २०६६ पर्यंत, आर्क्टिकवर २०४५ पर्यंत आणि उर्वरित जगात २०४० पर्यंत परत येईल, असे संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या मूल्यांकनात म्हटले आहे. त्यातला ‘टिकली तर’ हा भाग बातम्यांच्या मथळ्यांत गळून पडतो.

प्रवाह उलट दिशेनेही वाहतो. अंटार्क्टिकावरील छिद्रामुळे दक्षिण गोलार्धातील उन्हाळी वाऱ्यांचा पट्टा ध्रुवाकडे सरकला आणि पावसाची जागाही हलली. ओझोन सावरू लागल्यावर, साधारण २००० नंतर, ते सरकणे थांबले. वनस्पतींचा हिशेब त्याहून विचार करायला लावणारा आहे. तीव्र अतिनील मारा पानांची वाढ खुंटवतो, आणि खुंटलेले जंगल हवेतून कमी कार्बन घेते. हे धरून २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने असे दाखवले, की सीएफसींवर बंदी नसती तर त्यांच्या उष्णताशोषणामुळे आणि वनस्पतींच्या हानीमुळे मिळून शतकअखेरपर्यंत सुमारे २.५ अंशांची अधिकची वाढ झाली असती. सुकलेला पालापाचोळा उन्हाने विघटित होऊन कार्बन सोडतो, हिमाच्छादन मागे हटले की आजवर झाकलेले पाणी अतिनील किरणांना उघडे पडते, आणि मुसळधार पावसाने तलाव गढूळ झाले की उलट किरण आत शिरत नाहीत व पाण्यातले रोगजंतू मारण्याचे त्यांचे नैसर्गिक कामही थांबते. इथे ‘जास्त वाईट, कमी चांगले’ असे सोपे सूत्र चालत नाही.

आरोग्यालाही ते चालत नाही. अंगाला ऊन लागलेच नाही तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यामुळे सूर्यापासून पळण्याचा सरसकट सल्ला अपुरा आहे. सावळ्या व काळ्या त्वचेला कर्करोगाचा धोका बराच कमी असतो, पण डोळ्यांना त्वचेच्या रंगाचे कवच मिळत नाही, आणि जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या माणसांना तर हा धोका कुठेही, कोणत्याही समाजात, जीवघेणा असतो. प्रश्न पर्यायाचाही आहे. उन्हात जायचे की नाही हे ठरवण्याची मुभा सगळ्यांना नसते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये १६० कोटी लोक काम करताना उन्हातील अतिनील किरणांना सामोरे जात होते आणि मेलॅनोमा हा प्रकार सोडून त्वचेच्या इतर कर्करोगांनी झालेल्या मृत्यूंपैकी जवळपास एक तृतीयांश अशा कामाशी निगडित होते. तापमानवाढीने याच माणसांवर उष्णतेचा भार टाकला आहे. उष्णतेसाठी एक सूचना, किरणांसाठी दुसरी, असे वेगवेगळ्या कागदांवर लिहिणाऱ्या यंत्रणेला हे दिसत नाही की दोन्ही मारे एकाच पाठीवर, एकाच दुपारी पडतात.

जमिनीलगतच्या ओझोनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण वादात तोही नाहक ओढला जातो. वाहने आणि कारखान्यांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे व सेंद्रिय वाफा यांवर ऊन पडले की खाली ओझोन तयार होतो. तो फुप्फुसांना आणि पिकांना घातक आहे, उष्ण दिवसांत वाढतो आणि वरच्या थराची भरपाई करण्यास निरुपयोगी आहे. त्याला आळा घालण्यात आणि वरचा थर जपण्यात कसलाही विरोध नाही.

दोन प्रश्नांना वेगळे मानण्याची खरी किंमत एका नव्या प्रस्तावात दिसते. पृथ्वी थंड करण्यासाठी स्थितांबरात गंधकयुक्त कण फवारावेत, असे आता गंभीरपणे सुचवले जात आहे. १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीने नेमके हेच केले आणि जग सुमारे अर्ध्या अंशाने थंड झाले, हा त्याचा आधार. पण त्याच कणांच्या पृष्ठभागावर क्लोरीन सक्रिय झाला आणि पुढच्या दोन वर्षांत ओझोनची पातळी घसरली, हा अर्धा इतिहास प्रस्तावात दबक्या आवाजात सांगितला जातो. क्लोरीन वातावरणात अजून दशकानुदशके राहणार आहे. केवळ तापमानाचा तक्ता पाहणारा हा उपाय मान्य करील, अतिनील किरणांचा तक्ता पाहणारा करणार नाही. निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर दोन्ही तक्ते नसतील, तर त्या निर्णयाला शास्त्राधारित कसे म्हणायचे?

मिटलेल्या म्हटल्या जाणाऱ्या या प्रकरणात उघडी दारे अजून आहेत. मानवी कारवायांतून आज बाहेर पडणाऱ्या, ओझोनला घातक अशा वायूंत सर्वांत मोठा वाटा नायट्रस ऑक्साइडचा आहे. तो मुख्यतः नत्रखते आणि शेणखत यांतून येतो, शतकभर टिकतो, उष्णताही धरतो, आणि तरीही मॉन्ट्रियल कराराच्या यादीत नाही. त्याला तिथे आणणे सोपे नाही, कारण तो अन्नाशी जोडलेला आहे. पण ‘ओझोनचा प्रश्न सुटला’ असे एकदा ठरवले की तो विषय चर्चेलाच येत नाही. जुन्या इमारतींच्या फोममध्ये आणि भंगारात निघालेल्या शीतकपाटांत अडकलेले सीएफसी हळूहळू झिरपत आहेत. त्यांच्या वसुलीचे बंधन करारात नाही.

आणि सगळ्यांत नाजूक दुवा आहे तो मोजमापाचा. २०१८ मध्ये असे उघड झाले, की सीएफसी-११ चे उत्सर्जन, उत्पादन संपल्याच्या सरकारी नोंदी असतानाही, २०१२ नंतर वाढले होते. दक्षिण कोरियातील गोसान आणि जपानमधील हातेरुमा या केंद्रांवरच्या नोंदींमुळे त्या वाढीचा मोठा भाग पूर्व चीनमधून येत असल्याचे २०१९ मध्ये दाखवता आले. त्यानंतर कारवाई झाली आणि उत्सर्जन पुन्हा घटले. करार पाळला गेला तो त्या दोन केंद्रांमुळे. वारा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेला ती होती म्हणून चोरी सापडली. जगाच्या कित्येक विस्तीर्ण भागांत असे एकही केंद्र नाही, आणि तिथे कोणी असेच उत्पादन सुरू केले तर ते कुठून होते आहे हे सांगता येणार नाही. हॅलेच्या त्या कंटाळवाण्या नोंदी अनावश्यक खर्च म्हणून १९८० मध्ये थांबवल्या असत्या, तर १९८५ चा लेख लिहिला गेला नसता. आज ‘प्रश्न सुटला’ असे म्हणणाऱ्यांच्या अंदाजपत्रकात पहिली कात्री नेमकी अशाच केंद्रांना लागते. ती लागू न देणे, नवी केंद्रे उभारणे आणि त्यांच्या नोंदी ओझोन आणि हवामान या दोन्ही करारांच्या बैठकांत एकत्र मांडणे, ही ओझोनच्या अनुभवातून हवामानाच्या वाटाघाटींसमोर ठेवण्याजोगी पहिली मागणी आहे.